गाठी मारलेला दोर

त्या निळ्या दोराच्या गाठी मला आजही आठवतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगड खाल्ले. त्यातलं बरंचसं आता विसरलो. हे प्रकरण कागदोपत्री अगदी साधं होतं, अकस्मात मृत्यूची एक नोंद. नाव कुणाचंच देत नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात.

तेव्हा मी कंधार तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उन्हाळ्याचे दिवस. दुपारी चारच्या सुमारास पोलीस पाटलाचा फोन आला, शेततळ्यात दहा वर्षांची मुलगी बुडाली. बीट जमादाराला घेऊन मी निघालो. आम्ही पोचलो तेव्हा मुलीला बाहेर काढलेलं होतं. गावातल्यांनी शिडी सोडली होती, पण पाण्यात उतरली ती तिची आई. लेकराला खांद्यावर टाकून तीच वर आली होती आणि तशीच ओल्या लुगड्यात बसली होती.

असं तळं ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खोल खड्डा, चारी काठ उतरते आणि पाणी मुरू नये म्हणून त्यावर जाड काळं प्लॅस्टिक. ते ओलं झालं की त्यावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा काठाशी येऊन येऊन दमतो आणि बुडतो. म्हणून समजूतदार शेतकरी वरून एक दोर आत सोडून ठेवतो. पंचनाम्यात आम्ही पाण्याची एक बाटली आणि एक चप्पल घेतली. काठाच्या शेवाळावर बोटांचे ओरखडे होते. तेही लिहिले, पण किती होते ते मी मोजलं नाही.

तळं मुलीच्या चुलत्याचं. दोघा भावांची वाटणी झालेली, मध्ये फक्त बांध. मुलीचा बाप नांदेडला हमाली करायचा, आठवड्यानं घरी यायचा. घरात आई आणि ही एकुलती एक पोर. आईनं जबाबात एकच गोष्ट लावून धरली. "माझं लेकरू पडलं न्हाई सायेब. दिरानं पाडलंय."

शवविच्छेदनात बुडून मृत्यू, अंगावर मारहाणीची खूण नाही. मी फाईल बाजूला ठेवणार, तोच तिसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. घटनेच्या चार दिवस आधी बांधावर दीर-भावजयीचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि तेव्हापासून तळ्यावरचा दोर गायब आहे, एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. खबर देणारा बहुतेक वेळा अर्धंच सांगतो. उरलेलं अर्धं आपण आपल्या मनानं भरतो आणि तिथंच फसतो. मी लगेच जाऊन पाहिलं. बांधावरच्या लिंबाच्या बुंध्याला दोराची गाठ तशीच होती. पुढं वीतभर शेपूट, विळ्यानं कापलेलं. माझ्या डोक्यात खुनाचं प्रकरण तयार झालं.

चुलत्याला बोलावलं. तीन दिवस सकाळी आणून बसवायचो, संध्याकाळी सोडायचो. दोर कुणी कापला, या प्रश्नावर तो फरशीकडं बघायचा. "ठाऊक न्हाई सायेब," यापलीकडं शब्द नाही. मी दरडावलं, समजावलं, चहा पाजून पाहिलं. खोटं बोलणारा माणूस भरपूर बोलतो, हा माझा अनुभव. हा तर बोलतच नव्हता. तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला आणि मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्यानं गाल चोळलासुद्धा नाही. याचा मला आणखी राग आला. हे लिहिताना लाज वाटते, पण घडलं ते असं.

गुन्हा दाखल करायची तयारी झाली. आईचा पुरवणी जबाब तेवढा राहिला होता. त्याच दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेलो. तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. दारात शेळी बांधलेली होती, निळ्या दोरानं. दोराला हातहातभर अंतरावर गाठी होत्या. शेळीच्या दोराला अशा गाठी कुणी मारत नाही. त्या गाठी धरून माणसाला वर चढता यावं म्हणून असतात. दोराचं टोक विळ्यानं कापलेलं होतं. मी दोराकडं पाहिलं आणि ती माझ्याकडं. मी पाणी प्यालो, कागद तसाच कोरा ठेवून उठलो.

ठाण्यात आल्यावर चुलत्याला म्हणालो, "शेळीचा दोर बघून आलो." तो पहिल्यांदा रडला.

"लिंब तिच्या वाटणीचा. त्याला माझा दोर नको म्हणून तिनं तोडला, घरी नेला," तो म्हणाला. "म्या मनात म्हणलं, बाजारच्या दिवशी लोखंडी खुंटी आणून नवा दोर बांधतो, तवर राहू दे तसंच. चुकी माझीबी हाय. पर तिला काय इचारू नका सायेब. लेकरू गेलंच. आता मायबी घालवू का?"

त्या वेळी मला त्याच्यासमोर खुर्चीत बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चालत ठाण्यात आली. पदराखालून दोराचं वेटोळं काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवलं.

"त्याला सोडा. दोर म्या तोडला. लेकराला वर आणताना सवयीनं दोराला हात घातला, तर दोर न्हाई. तवाच कळलं मला. तरीबी तोंडातून त्याचंच नाव निघालं."

ठाणे अंमलदारानं पेन खाली ठेवलं.  मग मी तिचा जबाब शब्दाला शब्द लिहून घेतला आणि अकस्मात मृत्यूचाच अहवाल वर पाठवला. जबाबावर सही करायला बोलावलेला चुलता बाहेरच्या बाकावर बसला होता. तो उठला आणि एवढंच म्हणाला, "वैनी, घरला चला." ती त्याच्या मागून निघाली. मला भीती होती की ती त्याच तळ्याकडं जाईल. म्हणून महिला शिपायाला मी आठवड्यातून एकदा तिच्या घरी जायला सांगितलं. दिवाळीपर्यंत एकच उत्तर यायचं, भिंतीकडं तोंड करून पडून असते.

मग एके दिवशी तिनं त्या शिपायालाच विचारलं, आपल्या भागात अशी तळी किती आहेत. त्यानंतर तिनं दोर वळायला घेतले. ती गाठी मारायची आणि दीर पहारीनं खड्डा करून लोखंडी खुंट्या ठोकायचा. ज्याला तिनं खुनी म्हटलं होतं, तोच तिच्याबरोबर शिवारं हिंडत होता. काही शेतमालकांनी अपशकुनी म्हणून हाकललं. ते पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. कंधारच्या बाजारात बांगड्या विकणारी एक मुसलमान बाई तिला येऊन मिळाली. तिचा मुलगाही असाच गेला होता. निलंग्याकडची एक आई एसटीनं येऊन गाठी शिकून गेली. या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडताना मी कधी पाहिल्या नाहीत. दोर ताणून बघताना मात्र पाहिल्या.

गप्प बसणारा काहीतरी लपवतो, एवढं मला खात्यानं शिकवलं होतं. तो कुणासाठी लपवतो हे शोधायला मी त्या शेतकऱ्याकडून शिकलो, आणि तेही त्याच्यावर हात टाकल्यावर. निवृत्तीनंतर लातूरहून मुद्दाम त्याच्या गावी जाऊन मी त्याची माफी मागितली. तो ओशाळला आणि मला शेतात घेऊन गेला.

त्याच तळ्यावर ती नवा दोर बांधत होती. जुना उन्हानं कुजतो, म्हणून दर वर्षी बदलते म्हणाली. मग दोराचं टोक तिनं माझ्या हातात दिलं आणि ओढून बघायला सांगितलं. मी ओढलं. खुंटी हलली नाही. मी मान डोलावली, पण तिचं समाधान झालं नाही.

"जोरानं वढा सायेब," ती म्हणाली. "भिजलेलं लेकरू लई जड असतं."

मी दोन्ही पाय रोवले आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ओढलं.