खात्रीमामा आणि चार नंबरचा डबा

खात्रीमामांच्या गॅरेजात त्या दिवशी मी जी गाडी टायरांच्या ढिगात घातली, ती माझी नव्हती हे मला टायर अंगावर येईपर्यंत ठाऊक नव्हते. ती पांढरी, माझीही पांढरी. तिच्यात धूळ, माझ्याही गाडीत धूळ. स्टिअरिंगला एक लाल फडके बांधलेले होते. गिऱ्हाइकाची सोय म्हणून कुणी ठेवले असेल, असे समजून मी ते सोडले, त्याने चष्मा पुसला आणि शेजारच्या सीटवर टाकले. ब्रेकवर पाय ठेवला तर तो लोण्यात शिरावा तसा खाली गेला. मनात म्हटले, वा, मामांनी काय मऊ करून दिलाय! बटण दाबले, गाडी चालू झाली. हँडब्रेक सोडला, रिव्हर्स टाकला. पुढे सांगण्यासारखे फारसे नाही. मी ब्रेक दाबत होतो आणि गाडी मागे जात होती. एकमेकांशी काही देणेघेणे नसल्यासारखे आम्ही दोघे वागत होतो. मग जुन्या टायरांचा मनोरा आला.

इजा कुणालाच झाली नाही. एक टायर तेवढा अंगणभर फिरून पाण्याच्या पिंपाशी जाऊन निजला. खात्रीमामा आले, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. दार उघडून हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केले आणि मला एकच प्रश्न विचारला.

"गाडी चालू कशी झाली?"

बटण दाबल्यामुळे, असे मी सांगितले.

"ते दिसलं. पण झाली कशी?"

हा प्रश्न कळायला आधी खात्रीमामा कळायला हवेत. नाव ऐकून नव्या माणसाला वाटते, हे कामाची खात्री देत असतील. देत नाहीत, घेतात. दुकानातून सीलबंद आलेल्या नव्या बॅटरीला ते मीटर लावतात, आकडा वाचतात, मीटर काढून पुन्हा लावतात आणि मग बॅटरी घेऊन आलेल्या माणसालाच म्हणतात, तुम्ही वाचा बघू. आपल्या डोळ्यांनाही ते एकट्याने साक्षीला उभे करत नाहीत. घड्याळ ते रेडिओवरून लावतात, आणि रेडिओ बरोबर सांगतोय ना, हे समोरच्या शाळेच्या घंटेवरून पडताळतात. मामींनी एकदा मला सांगितले होते, की लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी पत्रिका पाठवली तेव्हा यांनी प्रेसमध्ये जाऊन तारीख विचारून घेतली होती.

माझी-त्यांची ओळखही संशयातूनच झाली. माझ्या गाडीची बॅटरी दर तीन-चार दिवसांनी सकाळी मान टाकायची. माझा संशय शेजाऱ्यांवर होता, कारण संशय घ्यायला शेजारी सोयीचे असतात. मामा घरी आले आणि गाडीकडे न बघता थेट घरात शिरले. दाराआडच्या खिळ्याला गाडीचा रिमोट टांगलेला होता, आणि त्या भिंतीच्या पलीकडे दोन हातांवर गाडी उभी असायची.

"रात्रभर बोलत बसतात दोघं," मामा म्हणाले. "तो विचारतो आहेस का, ती म्हणते आहे. सकाळी दोघांचाही घसा बसलेला."

त्यांनी खिळा उपटला आणि आतल्या खोलीतल्या लांबच्या भिंतीत ठोकला. रिमोटच्या पोटातला चपटा सेलही बदलला. तेव्हापासून बॅटरी सुखात आहे. एक खिळा हलवायला मेकॅनिक बोलवावा लागला, हे मात्र माझी बायको अजून पाहुण्यांना सांगते.

मामांच्या गॅरेजात एका शब्दाला बंदी आहे. तो शब्द म्हणजे 'झालं'. पस्तीस वर्षांपूर्वी ते एका उस्तादांकडे शिकाऊ मेकॅनिक असताना उस्तादांच्या माणसाने "ब्रेकचं काम झालं, ने गाडी" असे सांगितले आणि यांनी ती उतारावरून नेली. पिठाच्या गिरणीची भिंत फोडून गाडी आत गेली. मामा बाहेर आले ते नखशिखांत पांढरे आणि पुढचे दोन दात कमी होऊन. त्या दिवसापासून कुणाचे 'झालं' त्यांनी मानले नाही. त्यांच्याकडे काम संपले की माणसाने म्हणायचे, 'बघितलं'. झालं हे ऐकीव, बघितलं हे खरं.

किल्लीच्या गाड्या होत्या तोवर ठीक होते. ब्रेक खोललेल्या गाडीची किल्ली मामांच्या खिशात असायची आणि खिशावर मामांचा हात. मग बटणाच्या गाड्या आल्या. रिमोट खिशात घेऊन नुसते गाडीजवळून गेले तरी ती कुलूप उघडून तयार! असल्या उघड्या स्वभावाची वस्तू मामांना झेपेना. त्यांनी घट्ट झाकणाचे स्टीलचे सहा डबे आणले, त्यांवर रंगाने नंबर घातले. ज्या गाडीचा रिमोट, त्याच गाडीत पुढच्या काचेशी त्याचा डबा ठेवायचा, म्हणजे अदलाबदल नको. स्टीलमधून रिमोटची हाक बाहेर पडत नाही, म्हणजे गाडी आंधळी. प्रत्येक डब्यात रिमोट कोंडून, गाडीत बसून, अंगठा दुखेपर्यंत बटण दाबून मामांनी हे स्वतः पाहिले होते. ब्रेक उघडले की रिमोट डब्यात आणि स्टिअरिंगला लाल फडके. मी ज्याने चष्मा पुसला ते.

आता लेक. वय सव्वीस. गाड्यांचे शिक्षण रीतसर घेऊन ती चार वर्षे बापाच्या गॅरेजात काम करत होती. बॅटरी, वायरिंग, सेन्सर, रिमोट हे सगळे तिचे. ब्रेक मात्र मामांचे. ती मागायची आणि मामा म्हणायचे, नंतर. ते नंतर काही येईना. मग दुसऱ्या गावच्या एका मोठ्या वर्कशॉपचे नेमणुकीचे पत्र आले. तिने ते बापाच्या बाकावर, पान्यांच्या शेजारी ठेवले. शनिवारपर्यंत कळवायचेय, म्हणाली. ब्रेक दिलेत तर राहते. आवाज चढवला नाही, आणि म्हणूनच मामा घाबरले. दोन दिवस ते एकच नट सैल करून पुन्हा आवळत बसले होते, असे मामी सांगतात. गुरुवारी दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी ब्रेकसाठी आली. मामा लेकीला म्हणाले, "घे."

तिच्या हातात आलेली ही पहिली गाडी. नवे ब्रेक पॅड बसले होते, चाके चढली होती. पाइपांत ऑइल भरून आतली हवा काढायची तेवढी राहिली होती. त्या हवेवरच माझा पाय पडला होता. लेक ऑइल आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती आणि नेमका मी माझी गाडी न्यायला उगवलो.

तर, गाडी चालू कशी झाली?

चौकशी माझ्यापासून सुरू झाली. मामांनी मला खिसे उलटे करायला लावले. निघाले काय, तर रुमाल, किराणा मालाची यादी आणि एक पेपरमिंट. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि दुसरा रिमोट कुठे आहे ते विचारले. त्यांच्या पुढ्यात कुणीतरी तोंड वासून बसलेले होते. घरी कपाटात आहे, असे त्या म्हणाल्या. मामांनी विचारले, "बघितलात?" घरी फोन करून, बघून, त्यांना परत कळवावे लागले. त्या पेशंटने तोंड मिटले की नाही, कोण जाणे. नंतर मामा शेजारच्या पेंटरकडे जाऊन आले. तो सकाळपासून एका ट्रकवर वाघ काढत होता, आणि वाघ पाहून मामांना पटले की हा जागचा हललेला नाही. वाघाला पाचवा पाय फुटू घातला होता.

उरले एकच माणूस. ते ऑइलचा डबा हातात घेऊन फाटकातून येत होते.

"रिमोट डब्यात ठेवला होतास?" मामांनी विचारले.

"ठेवला होता."

"बघितलास?"

"बाबा, तुम्हीच बघितलात. दोनदा येऊन बघून गेलात. मला सगळं दिसत होतं."

"मी गेल्यावर काढला असशील."

"कशाला?"

"एसी लावायला. गाणी ऐकायला. मला काय माहीत कशाला? गाडी आपोआप चालू होत नाही."

तिने ऑइल खाली ठेवले. अंगावरचा एप्रन सोडला, घडी घातली आणि बाकावरच्या त्या पत्रावर ठेवली.

"मग शनिवारपर्यंत थांबायला नको," ती म्हणाली.

मामांनी तोंड फिरवून पाने मोजायला घेतले. वातावरण जरा सैल करावे म्हणून मी म्हणालो, "जाऊ द्या मामा, झालं ते झालं." एका वाक्यात बंदीचा शब्द दोनदा आला होता. बापलेकीने एकाच वेळी माझ्याकडे पाहिले. त्या दिवसात त्यांचे एकमत झालेला तो पहिलाच क्षण असावा.

"काका," लेक मला म्हणाली, "गाडीतल्या डब्याला हात लावला होतात?"

नाही, मी म्हणालो. मला तो कुणाचा तरी जेवणाचा वाटला होता.

ती टायर ओलांडून गाडीपाशी गेली. चार नंबरचा डबा काचेशीच होता, झाकण घट्ट, आणि रिमोट आत. म्हणजे तो बाहेर आलाच नव्हता. मामाही दोन पावले जवळ आले, पण लेकीच्या हातांवर नजर ठेवून. तिने माझ्या गाडीतला दोन नंबरचा डबा आणला, त्यातला माझा रिमोट माझ्या हातात देऊन मला लांब फाटकापाशी उभे केले, आणि बाईंचा रिमोट त्या डब्यात कोंडला. बटण दाबले. गाडीने किल्ली सापडत नसल्याची तक्रार केली. मग तोच रिमोट चार नंबरमध्ये टाकून झाकण लावले. बटण दाबले, समोरचे सगळे दिवे लागले. पुन्हा दोन नंबर. अंधार. पुन्हा चार. उजेड. तिसऱ्यांदा तिने बापालाच बसवले आणि त्यांच्या अंगठ्याने बटण दाबवले. उजेड.

फाटकापासून मी हळूहळू सरकत आलो होतो, म्हणून पुढचे मला नीट दिसले. तिने चार नंबरचे झाकण वर धरले. झाकणाला मधोमध बशीएवढी गोल खिडकी होती आणि तिला आतून पारदर्शक प्लास्टिक डकवलेले होते.

"हे भोक कुणी पाडलं?"

उत्तराची गरज नव्हती. इतके गोल भोक पाडणारा आणि वर त्याची कड बोटाला लागू नये म्हणून कानशीने घासून ठेवणारा माणूस त्या गॅरेजात एकच होता. पंधरवड्यापूर्वी मामांच्या मनात आले होते, की झाकण बंद असताना रिमोट खरोखर आत आहे, हे कशावरून? दरवेळी उघडून बघायचे, तर उघडताना कुणी रिमोट पाहून ठेवला तर? म्हणून खिडकी. सहाही डब्यांना करायची होती, एकाची करून पाहिली होती. त्या खिडकीतून आपल्याला रिमोट दिसतो हे त्यांनी रोज दहादा बघितले. गाडीलाही तो दिसतो, हे एकदाही नाही. अख्ख्या गावावर संशय घेणाऱ्या माणसाने आपल्याच हातच्या डब्याला तेवढे सोडले होते.

मामांनी डबा घेतला, खिडकीतून आत पाहिले. नंतर उगीचच खिडकीतून माझ्याकडेही पाहिले. पेंटरचा ब्रश भिंतीपलीकडे चालू होता.

"खिडकी केल्यावर मी बटण दाबून बघितलं नाही," मामा शेवटी म्हणाले. माझ्यासारख्याच्या तोंडी हे साधे वाक्य आहे. मामांना ते बोलताना घाम फुटला होता.

लेकीने एप्रन उचलून अंगावर घातला. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसे लागतात. एक गाडीत बसून ब्रेक दाबतो आणि दुसरा खाली चाकापाशी राहून हवा सोडतो. खालचा सांगतो, वरचा ऐकतो. आजवर खाली मामा असत. त्या दिवशी ते निमूटपणे वर जाऊन बसले.

"दाबा," खालून आवाज आला. "धरा. धरा म्हटलं ना, बाबा. आता सोडा."

इतकी वर्षे हुकूम सोडणारे गृहस्थ दाबत होते, धरत होते, सोडत होते. चारही चाकांचे आटोपल्यावर लेक हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, बघितलं. मामा उतरले. सवयीने त्यांचा एक गुडघा जमिनीला टेकलासुद्धा, गाडीखाली मान घालायला. मग काय वाटले कोण जाणे, तिथेच थांबले आणि बुटाची नाडी बांधल्यासारखे करून उठले. पायात चपला होत्या.

गाडी फिरवून आणायला लेक एकटी गेली. ती परत येईपर्यंत मामा फाटकाशी उभे होते. तेवढ्या वेळात त्यांनी दोन टायर उचलून पुन्हा होते तिथेच ठेवले. ती आली, फाटकात ब्रेक दाबला आणि गाडी त्यांच्या चपलांपासून हातभर अंतरावर टुकदिशी थांबली. मामा जागचे हलले नव्हते.

पुढच्या बुधवारी मी गेलो, तो माफीदाखल फळांची पिशवी घेऊन. तोवर शनिवार उलटून गेला होता. गॅरेजच्या मध्यभागी एक जुनी निळी गाडी चारही चाके उतरवून उभी होती. ती मामांची स्वतःची. मामींना घेऊन ते तिच्यातूनच घाट चढतात-उतरतात, आणि तिला आजवर दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नाही. गाडीखालून लेकीचे दोन पाय तेवढे दिसत होते. मामा स्टुलावर बसून बशीएवढा गोल पत्रा कापत होते.

मी पिशवी ठेवली आणि हळूच वाकून विचारले, "मामा, एवढं रामायण घडलं, पण पोरीला एकदा तरी 'चुकलो' म्हणालात का?"

पत्र्यावरची नजर न काढता मामा म्हणाले, "माझ्या गाडीचे ब्रेक दिलेत तिला, आणखी काय म्हणायचं असतं?"