खंडेनवमीचा जास्तीचा लॅपटॉप

चहा गरम आहे तोवर मीच सांगून टाकते. मामीच्या तोंडून ऐकलंत तर ती तिखटमीठ लावेल, आणि या किश्श्याला खरं तर चिमूटभर मिठाचीही गरज नाही.

तळवड्यात माझ्या मामाचा गाळा आहे. चाकणच्या कंपन्या जुने लॅपटॉप लॉटने विकतात, मामा ते घेतो, दुरुस्त करतो आणि क्लासवाल्यांना, कॉलेजांना देतो. डिग्री झाल्यापासून मी राहायला मामाकडे आणि कामाला त्याच्या गाळ्यावर. आणि मामाची तपासणी बघून रोज माझा थोडा थोडा जीव जात होता.

मामा लॅपटॉप उचलणार, हलवणार, कानाशी धरणार. कलिंगड आहे का ते? मग सुरू करून एकेक बटण दाबणार आणि शेवटी पाठीवर खडूने लिहिणार, 'बरा' किंवा 'बरा नाही'. एका मशीनमागे एक चहा. लॉट संपेपर्यंत लॅपटॉप बरे आणि मामा ॲसिडिटीने आजारी.

म्हणून मी पेन ड्राइव्ह तयार केला. तो लावून लॅपटॉप सुरू केला की आतलं विंडोज झोपलेलंच राहतं, पेन ड्राइव्हमधली छोटी सिस्टीम जागी होते. कुणाचं नाव दिसत नाही, कुणाचा फोटो दिसत नाही, पासवर्डची कटकट नाही. बॅटरी, मेमरी, डिस्क, कीबोर्ड तपासून, मशीनचा नंबर नोंदवून ती ग्रेड ठरवते आणि शेवटी विचारते, डिस्क पुसू का? हो म्हटलं की आधीच्या मालकाचं नामोनिशाण उरत नाही.

मामाने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "दसऱ्यानंतर कॉलेजला जायचा लॉट तू तपास. एकही मशीन चुकलं नाही, तर तपासणीचं टेबल तुझं. चुकलं, तर माझा खडू काय वाईट नाही."

ते टेबल मला इतकं हवं होतं, की मारुंजीतल्या मैत्रिणींना मी आधीच सांगून बसले होते, 'आमच्याकडे टेस्टिंग मी बघते.'

मध्ये आली खंडेनवमी. आमच्याकडे पोटाला देणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. पुढे स्क्रू ड्रायव्हर आणि सोल्डरिंग आयर्न, मागे अख्खा लॉट, प्रत्येक लॅपटॉपला हळदकुंकू आणि वर झेंडूचं फूल. मांडणी मामीची आणि कायदाही मामीचाच. दसऱ्याला ती स्वतः येऊन पूजा उठवेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

मी लावला! दसऱ्याच्या सकाळी, ती यायच्या आधीच. मामा म्हणालासुद्धा, थांब जरा, ती येऊ दे. मी म्हटलं, लॅपटॉपला सुट्टी लागत नाही मामा, माणसांना लागते.

काम काय झरझर चाललं होतं! पेन ड्राइव्ह लाव, तपास, पूस, लेबल चिकटव. शेवटी एक लॅपटॉप उरला. त्याचा निकाल बघून मला हसूच फुटलं. सतत चार्जिंगला ठेवून बॅटरी खलास. डिस्क गळ्यापर्यंत भरलेली. स्पेसबारखाली भडंगाचे कुरमुरे. एंटरचं बटण तर हाणून हाणून एका बाजूला कललेलं.

मी मामाला म्हटलं, "हा नक्की साठीला टेकलेला कुणीतरी मॅनेजर. एंटर बघ, माणूस किती चिडका असेल."

मामा म्हणाला, बिचाऱ्याच्या घरच्यांचं काय होत असेल.

मला आणखी चेव आला. लेबलवर शेऱ्याची एक रिकामी ओळ असते. तिथे मी ठोकून दिलं, 'सी ग्रेड, सुट्या भागांसाठी. मालक वयस्कर, चिडका, कुणाचं न ऐकणारा असावा.'

आता गंमत अशी, की या मशीनचा नंबर कंपनीच्या यादीत नव्हता. बाकी सगळे जुळले आणि हा एक जास्त. मी तिरमिरीत कंपनीच्या स्टोअरच्या काकांना फोन लावला. वाक्यावाक्याला घसा खाकरून बोलणारे गृहस्थ. कॉम्प्युटर असताना बोटांवर मोजलं की असंच होणार, असं मी त्यांना सुनावलं.

"ताई, मी दोनदा मोजलेत," ते बिचारे म्हणाले. मग नंबर विचारला. "सुरुवातीचे आकडे आमच्याच जुन्या मशीनचे दिसतायत. चुकून आला असेल तर आधी पुसून टाका बाई. आतलं काही बाहेर गेलं तर माझी नोकरी जाईल."

एवढंच ना? पुसला. एंटर दोनदा दाबावा लागला, पण पुसला.

आणि मामी आली. मांडणीची अवस्था बघून दारातच थांबली. "उठवलीस? बरं. सोनं लुटायच्या आधी तुझा लॅपटॉप तरी उचलून ठेव बाजूला."

"माझा घरी आहे."

"घरी कुठला? मीच आणला ना पूजेला. तुझ्या पोटाचं हत्यार नाही का ते? पण झाकणावर ती कवटी होती चिकटवलेली, देवापुढं बरी दिसते का? खरवडून काढली."

माझा लॅपटॉप मामाने मला दोन वर्षांपूर्वी दिला होता. त्याच कंपनीच्या जुन्या लॉटमधला. तेच मॉडेल, तोच काळा रंग, कवटी तेवढी माझी.

बॅकअप? सगळ्या तळवड्याला बॅकअपवर भाषण देते मी! माझाही होता. एका पेन ड्राइव्हवर. तोच रिकामा करून मी तपासणीचा पेन ड्राइव्ह बनवला होता.

मामाने लेबल सावकाश वाचलं. मग मामीला वाचून दाखवलं. मग पुन्हा एकदा, शेरा तेवढा. मी खडूकडे बघत बसले.

"लॉटमधलं एकही मशीन चुकलं नाही," तो म्हणाला. "टेबल तुझं. फक्त त्या स्टोअरवाल्याला फोन कर. सणाच्या दिवशी माणूस जिवाला घोर लावून बसला असेल."

केला. काकांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"ताई, सापडला का मालक?"

"सापडला काका. तुमचं मोजणं बरोबर होतं."

"हुश्श. कोण निघाला?"

मामा लेबल माझ्यासमोर धरून उभा होता. काय सांगणार? म्हटलं, "आमच्याच घरातलं माणूस आहे. चिडकं आहे, कुणाचं ऐकत नाही."

काकांनी घसा खाकरला. "वय झालं की होतं ताई तसं. सांभाळून घ्या."