मध गरम करणार नाही!

मध नासत नाही म्हणतात. खोटं! लोक नासवतात. महाल मोहल्ल्यात मध विकता विकता माझे केस पिकले, अन् किस्से बरणीच्या बुडाशी गाळ बसावा तसे साचत गेले. आता तर गरम करण्याच्या एका गोष्टीवरून धंदा बसायची पाळी आली. मी चौथी नापास. बोलतो तसंच लिहितो.

*

कामठीचे एक मास्तर थंडीत बाटली घेऊन आले. मध तुपासारखा जमलेला. "साखर टाकता काय हो?"

"मास्तर, घरचं तूप जमते, त्यातबी साखर टाकता काय?"

मास्तर हटेनात. "खरा मध जळते, मोबाईलवर पाहिलं!" कापसाची वात मधात बुडवून पेटवली. पेटली! मास्तर खुश. मीच चिडलो. "वात तेलातबी पेटते. मग उद्यापासून पोळीवर तेल घेऊन खा!"

*

एकदा मीच ताठ मानेनं लॅबमध्ये सॅम्पल दिलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "काका, हा मध फार तापलाय. रंग काळपट झाला, वास गेला. रिपोर्टमध्येही तेच आलं."

"आमच्या घरी मध चुलीवर चढतच नाही!" मी भडकलो.

घरी येऊन बायकोले सांगितलं. तिनं नुसतं वर बोट दाखवलं. "चूल कायले पायजे? मे महिन्यात डबे टिनाच्या छपराखाली ठेवले तुम्ही!"

मॅडमची मी माफी मागितली नाही. पण त्यातला एक थेंबबी विकला नाही.

*

मग डोकं चालवलं. डबे कूलरसमोर ठेवले. मध थंड, मी खुश! पंधरा दिवसांनी एका डब्याचं झाकण वर उचललेलं दिसलं. वर फेस, वास आंबट. झाकणं सैल होती, कूलरची सारी ओल मधानं पिऊन घेतली.

बायको म्हणे, "आता दारूचं लायसन काढा!"

तवापासून आतली थंड, कोरडी खोली मधाची. आम्ही दोघं ओसरीत घाम पुसत बसतो.

*

धरमपेठेत एका सेठचं मोठं दुकान आहे. माझा अर्धा माल तिथंच जाये. सेठ म्हणाले, "काका, मशीनमध्ये चांगला गरम करून देत जा. बाराही महिने पातळ, चकाचक!"

"चव मरते, सेठ. जमली बाटली कोमट पाण्यात ठेवा, हळूहळू उतरते."

"कस्टमरले टाइम नाही."

"मग माझ्याजवळ मध नाही!"

सेठनं सारा माल परत पाठवला. बायकोनं कपाळाले हात लावला. "अर्धा धंदा हाकलला तुम्ही!"

"हाकलला तं हाकलला वं! शिजवलेला मध माझ्या हातून जाणार नाही."

परत आलेल्या बाटल्या ओसरीत रांगेनं मांडल्या. वर पाटी लावली: 'जमलेला मध. पातळ पायजे त्यानं पुढं जावं.'

पुढच्या हप्त्यात दारात सेठची गाडी थांबली. त्यांच्या दुकानात आता दुसऱ्याचा गरम केलेला मध लागला होता, मले माहीत होतं. सेठनं पाटी वाचली. इकडंतिकडं पाहिलं अन् हळूच म्हणाले, "काका, एक बाटली द्या."

"देतो ना. मशीनमध्ये गरम करून देऊ काय?"

"काहून मजाक करता, काका! घरी पायजे!"