डॉक्टरांसमोरचं कौतुक

आण्णांच्या जठरातला कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला आणि केमो लागू पडेनाशी झाली, तेव्हा डॉक्टरांनी मला एकटीला बसवून एका नव्या औषधाचं सांगितलं. ते सगळ्यांना चालत नाही, गाठीच्या पेशींवर एक ठरावीक खूण असावी लागते. आण्णांच्या तपासणीत ती सापडली होती. औषधाला आपल्याकडे अजून मंजुरी नव्हती. पण दुसरा कुठलाच उपाय न उरलेल्या पेशंटसाठी डॉक्टरांनी मागितलं, तर कंपनी ते आधी द्यायला तयार होती. मात्र माणूस हिंडता-फिरता हवा, स्वतःचं स्वतः करणारा हवा. अंथरुणाला खिळलेल्याला देत नाहीत.

आई-आण्णांना मी श्रीगोंद्याच्या मळ्यातून शहरात, सावेडीत माझ्या फ्लॅटवर आणलं होतं. डॉक्टर आण्णांना बघून औषधाचं ठरवणार होते, त्याच्या आदल्या दिवशी दोघांना समोर बसवून हे सगळं समजावलं. आण्णांनी एवढंच विचारलं, "त्यानं बरं व्हायचं हाय का?"

"बरं नाही. पण काही महिने मिळतील कदाचित."

"मग घिऊ की," ते म्हणाले. आई मान हलवत होती. ऐकत किती होती, देव जाणे.

सकाळी आण्णांनी दाढी केली. सदरा अंगावर लोंबायला लागला होता म्हणून आत जाड बनियन घातलं. एरवी सरकारी कचेरीत काही काम असलं की ते मुद्दाम मळका सदरा घालायचे, कुणाला दया यावी म्हणून. इथे उलटं, धडधाकट दिसायचं होतं. मला हसू आलं, त्यांनाही आलं. दवाखान्याच्या पायऱ्या त्यांनी कठड्याला हात न लावता चढल्या.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, चालायला लावलं. सगळं नीट चाललं होतं. मग ते आईकडे वळले. "मावशी, आंघोळ, कपडे, हे काका आपलं आपण करतात ना?"

आई पदर सावरून ताठ बसली. "न्हाई वो. मी हाय की. पान्याचा तांब्यासुदिक उचलू देत न्हाई मी त्येंना. न्हाऊ घालती, भरवती, समदं मीच करती."

"डॉक्टर, ती करू देत नाही म्हणून. त्यांना येतं सगळं," मी घाईघाईने म्हणाले. खरंच येत होतं. आईपुढे त्यांचं काही चालत नव्हतं, एवढंच.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, तुम्हीच खरं सांगा. जमतं तुमचं तुम्हाला?"

आण्णांनी आईकडे पाहिलं. मी तिला चारचौघांत खोटं पाडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. उभ्या संसारात त्यांनी तिच्या कालवणालासुद्धा कधी बरं म्हटल्याचं मला आठवत नाही.

"न्हाई जमत," ते म्हणाले. "ती हाय म्हनून चाललंय माझं."

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. पण पेशंट स्वतःच नाही म्हणतोय, तर कंपनीला मी खोटं कसं लिहू, असं त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. औषधाचं तिथेच संपलं.

आई रिक्षा बघायला पुढे गेली, तेव्हा मी दवाखान्याच्या दारातच आण्णांवर ओरडले. कशाला बोललात तसं? काय अडलं होतं? त्यांनी मला मनसोक्त ओरडू दिलं. मग म्हणाले, "कशापायी हुकलं, त्ये तिला कवाच सांगू नको."

पुढे ते खरोखरच अंथरुणाला खिळले. आईने त्यांचं सगळं केलं, नाक न मुरडता केलं, आणि ते गेले. मला तिचा राग येतो. अजून येतो, आणि आल्यावर स्वतःची लाजही वाटते.

भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला आई सांगते, "यवढ्या मोठ्या डाक्टरांम्होरं म्हनले, ती हाय म्हनून चाललंय माझं." मग माझ्याकडे बघते. "व्हय का न्हाई गं? तू हुतीस की तितं."

"हो आई," मी म्हणते, "म्हणाले होते."