रक्तावरची साय

लिपिड हा शब्द मी कॉलेजात पहिल्यांदा ऐकला. सर म्हणाले, मूळ ग्रीक. लिपॉस म्हणजे चरबी. तूप, तेल, अंगातला मेद, जे जे ओशट ते सगळं त्यात आलं. मी परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं.

त्याच वर्षी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पोटात कळा येऊ लागल्या. आबा तालमीतले जुने पैलवान. गुडघा गेल्यावर कुस्ती सुटली, जोर-बैठका सुटल्या, खुराक मात्र सुटला नाही. संध्याकाळी गवळ्यांच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध आणि घरी वाटीनं तूप. आमच्याकडे याला अंग राखणं म्हणतात.

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. लॅबोरेटरीत नळी थोडा वेळ उभी ठेवली. तांबडं खाली बसलं. वर पिवळसर, नितळ पाणी दिसायला हवं होतं. तिथं दुधासारखा पांढरा थर आला.

आबांचा चेहरा मात्र फुलला. "बघ की पोरी! इतक्या वर्साचं दूध वाया न्हाय गेलं. रक्तात उतरलंय!"

"आबा, ते लिपिड आहे. चरबी. जिवावर बेतेल तुमच्या."

"तूपच की मग त्ये. तुझ्या पुस्तकात वाईट आसंल."

डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं: "रक्तातल्या या चरबीनंच स्वादुपिंड सुजलंय. दूध-तूप बंद. पुन्हा तशी कळ आली तर माझ्या हातात काही नाही." आबांनी मान डोलावली आणि थेट तालमीत जाऊन रक्तातल्या दुधाची गोष्ट सगळ्यांना सांगितली. असा संताप आला मला!

थोड्याच दिवसांत त्यांनी अंथरूण धरलं. तालमीतली माणसं बघायला येऊ लागली. आजारी पैलवानाकडे रिकाम्या हातानं कोण येतं? प्रत्येकाच्या हातात तुपाचा डबा.

"वस्ताद, अशक्तपणा हाय नुसता. खुराक वाढवा."

मी डबे माळ्यावर टाकायची, ते पुन्हा खाली यायचे. शेवटी एक दिवस सगळ्यांसमोर ओरडले, "हे तूप त्यांना मारणार आहे!"

पोटावर हात दाबून आबा हसले आणि आईला म्हणाले, "हिला भ्या वाटतंय. तू दे गं."

आई घुटमळली. खोलीभर पैलवान तिच्याकडे बघत होते. तिनं डबा उघडला, चमचा पदराला पुसला आणि माझ्याकडे न बघता त्यांच्या तोंडाशी नेला.