गंगाधरच्या रानात मेंढरं बसत नाहीत

आधीच सांगते — भूत, चकवा, हाक यातलं मी काहीही मानत नाही. आमच्या घरात पोथ्या नव्हत्या, पत्रकं होती. 'व्यसन हा आजार आहे, दुःख बोलून दाखवा'... असली पत्रकं मी स्वतः पूर्णा स्टेशनवर वाटली आहेत. तरीही हे लिहितेय.

माझा सोपानमामा चुडाव्याकडचा मेंढपाळ. मामी वारली आणि तो दारूत बुडाला. लोक बेवडा म्हणून मोकळे झाले. बोलायला घरात कुणीच नसेल तर माणूस संध्याकाळ कशी काढतो, हे एकानंही विचारलं नाही. मी त्याला परभणीला डॉक्टरांकडे नेलं. मामा सावरला.

उन्हाळ्यात शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. रात्रभरात लेंड्यांचं खत होतं, बदल्यात मेंढपाळाला धान्य. त्यातल्या गंगाधरचा धंदा दारूचा, तो धान्याऐवजी बाटली द्यायचा. यंदा मामानं आधीच ज्वारी ठरवून घेतली होती.

त्या दिवशी मीही मामासोबत होते. दिवस कलताना कळप गंगाधरच्या रानात शिरला. गंगाधर बांधावर आला, हातात बाटली.

"ज्वारी कुठाय?" मामानं विचारलं.

"हीच ज्वारी. का रं सोप्या, बायको मेली अन् तूच बायको झालास?" त्याचे गडी हसले. "नको पिऊ. पर पीत होतास तवा तुला कुणी इचारत तरी होतं."

मामा माळावरच्या खडकावर जाऊन बसला. "माय, मेंढरं आता तूच सांभाळ," मला म्हणाला.

पत्रकात आम्हीच छापलं होतं — आडून नाही, सरळ विचारा.

"मामा, जीव द्यायचं मनात हाय का?"

तो म्हणाला, "हाय."

मी डॉक्टरांना फोन लावला. एकटं सोडू नका, सकाळी घेऊन या, म्हणाले. फोन ठेवला... आणि मी काठी उचलली. गंगाधरचं डोकं फोडायचंच होतं. मामाला एकटं सोडतेय, हे रागात सुचलंच नाही.

तेवढ्यात हाक आली. खालून सुरू होऊन शेवटी उंच चढणारी — मेंढरं वळवायची मामीची हाक! प्रत्येकाची हाक वेगळी असते, परक्याच्या हाकेला मेंढरं वळत नाहीत. रानातला अख्खा कळप वळला, माळावर आला आणि आमच्याभोवती बसला. इतका दाटून, की पाऊल टाकायला जागा नाही. मी ढकललं, काठी आपटली. एक मेंढी उठेल तर शपथ.

"ऐकलंस?" मी विचारलं.

मामा रडत होता. मामी गेल्यापासून पहिल्यांदा. "तिचीच हाय. बस खाली माय... ती जाऊ द्यायची न्हाई. तुलाबी."

मग तो बोलत राहिला, मी ऐकत राहिले. तांबडं फुटलं तसा कळप आपणहून उठला. आम्ही दवाखाना गाठला.

मामा आज आहे. वाईट दिवस येतात, तेव्हा तो आधी मला फोन करतो.

माझा राग मात्र जसाच्या तसा आहे. गंगाधरचे ते शब्द मी एकेका कळपावर जाऊन ऐकवले. आता त्याच्या रानात कुणी मेंढरं बसवत नाही. तो म्हणतो, रानात बाईचं भूत आहे, ती मेंढरं बसू देत नाही. परवा माझ्याच दारात आला.

"ताई, तुमी पत्रकं काढता. भूत-बित नसतंय म्हणून माझ्या रानासाठी एक काढा की."

"कसं काढू?" मी म्हटलं. "हाक तर मीही ऐकलीय."

खरंच, त्या हाकेचा उलगडा मला अजून झालेला नाही. झाला, तरी गंगाधरला सांगणार नाही.