सोपानआबांचे शहाऐंशी

इंदुरीचे सोपानआबा रेल्वेत गँगमन होते. घोरावाडीच्या बाजूचे रूळ तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली. दहावीला तीनदा नापास झालेले. निवृत्तीनंतरही कुणी मार्कांचा विषय काढला की ते उठून जायचे.

गेल्या जानेवारीत त्यांना ताप-खोकला आला. डॉक्टर म्हणाले, व्हायरल दिसतंय, पण रक्त तपासू. लॅबचा इर्शाद घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन आला. सीआरपी शहाऐंशी. पुढं वर जाणारा बाण.

"शंभरातले?" आबांनी विचारलं.

"तसं नसतं, आबा. अंगात सूज किती, ते त्यातून कळतं. पाचच्या आत पाहिजे."

"पाचात भागतंय, आन मला शहाऐंशी."

"आणि लिम्फोसाइट अकराच आहेत. पांढऱ्या पेशींतला एक प्रकार. अशा तापात कमी होतात."

"येक विषय ऱ्हायला. ऱ्हाऊ दे."

ताप दुसऱ्याला लागू नये म्हणून घरात कुणाला घ्यायचं नव्हतं, तेव्हा आबांनी रिपोर्ट खिडकीच्या काचेला आतून चिकटवला. आळी येऊन वाचून गेली. त्यांना शाळेत गणितात नापास करणारे कुलकर्णी मास्तरही काठी टेकत आले. दोनदा वाचून म्हणाले, "उशिरा का होईना."

दहा दिवसांनी ताप गेला होता. पुन्हा रक्त तपासलं. सीआरपी चार.

"रिचेकिंगला टाकता येतं का?" आबांनी विचारलं.

इर्शाद स्वभावानं गरीब. त्यानं पुन्हा रक्त नेलं. तीन आले.

आबांनी जेवण सोडलं. त्यांची बायको सरूबाई इर्शादला म्हणाली, "बरं झाल्यापास्नं लय आजारी दिसत्यात."

इर्शाद खाटेजवळ बसला. "आबा, लिम्फोसाइट बघा ना. अकराचे बत्तीस झाले."

"म्हंजी ऱ्हायलेला विषय सुटला?"

इर्शादनं रिपोर्ट त्यांच्या हातात दिला. "सुटला."

आबांनी भाकरी मागितली. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, पेढे घेऊन ते मास्तरांकडं गेले.

"विषय कोणता?" मास्तरांनी विचारलं.

आबांना नाव उच्चारता येईना. मास्तरांनी पेढ्यांचा पुडा बाजूला सारला. "आधी पाठ कर."

मग आबा पायरीवर बसले आणि दुपारपर्यंत लिम-फो-साइट, लिम-फो-साइट म्हणत राहिले.